कड्यांचं फाटक

शाळेमागचं मैदान मुळात मैदान नव्हतंच. नुसता दगडांचा माळ होता, आणि शिट्टीबाईंनी तो पोरांना हाताशी धरून वेचून काढला होता. त्या नव्यानं शाळेत लागल्या तेव्हा पीटीचा तास म्हणजे दगड वेचायचा तास असे. पोरं ओंजळी भरभरून गोटे कडेला नेऊन टाकायची आणि बाई बाह्या सरसावून मोठे धोंडे पहारीनं हलवायच्या. कडेला दगडांचा बांध उभा राहिला तेव्हा कुठे मधे पळता येईल एवढी जागा दिसू लागली. मग रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाच्या मागे लागून त्यांनी उरलासुरला मुरूम आणवला, पसरला, पाणी मारून रोलरनं दाबला. रोलर ओढायला ना बैल होता ना ट्रॅक्टर. वरच्या वर्गातली पोरं दोरीला लागत आणि बाई मागून रेटत. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळूसुद्धा ओढ्यातून पाट्या भरभरून आणलेली.

गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीबाई. बाजारातही ती गळ्यातच. भाजीवाली म्हणायची, "भाव कमी नाही केला तर शिट्टी मारणार काय बाई?"

"मारीन. आणि टोपलीभोवती चकरा मारायला लावीन."

शाळेत खेळ चालवायचा तर शिट्टी फुंकणं हे त्यातलं सगळ्यांत हलकं काम. परीक्षा जवळ आली की पीटीचे तास गणिताला जात. "तुमचं काय बाई, उड्याच तर मारायच्या. पोरं घरीही मारतात," असं म्हणत गणिताचे सर खडू उचलत, आणि बाई स्टाफरूममध्ये बसून राहत. साहित्याची खोली म्हणजे मोडक्या बाकांचं कोठार. त्या ढिगाखालून जाळी ओढून काढायची, फाटलेली असेल तिथे सुतळीनं विणायची. पळायचे बूट मोजके. ते एकीच्या पायातून निघून दुसरीच्या पायात जात, पुढे कापूस कोंबून. आणि या सगळ्याहून मोठं काम म्हणजे लोकांची दारं. मुलगी जरा मोठी झाली की बाप म्हणायचा, पुरे आता पळणं. मग बाई त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. चहा येईपर्यंत उठत नसत, आणि चहा आला की होकार मिळेपर्यंत कपाला हात लावत नसत.

अशा हट्टातून मुलींची रिले उभी राहिली होती. लांबटांगी पहिली पळायची. दुसरी शिंपिणीची मुलगी, तिसरी दूधवाल्याची. शेवटचा टप्पा बाईंच्या स्वतःच्या लेकीचा. तिला आजोबा ठिणगी म्हणत, आणि तेच नाव शाळेत पडलं होतं. घरात बाई तिला बाळ म्हणायच्या. मैदानात मात्र ठिणगीच. मैदानात कुणी कुणाची लेक नाही, असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. दोन-चार शिंतोडे पडले, मातीचा वास आला आणि आभाळ पुन्हा कोरडं ठणठणीत. मैदान तापलं की तव्यासारखं होई. पोरींच्या तळव्यांना भेगा पडल्या. बाई त्यांना व्हॅसलीन चोळायला लावत आणि पळण्याची वेळ सूर्य उगवण्याआधीची करत.

खरी झळ बसली ती घरी. बाईंचा नवरा वेल्डिंगचा मिस्त्री. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. शेतात अवजारं चालली की ती मोडणार, आणि मोडली की मिस्त्रीकडे येणार. त्या वर्षी अवजारं गोठ्यात उभी होती. शेडमधलं मशीन गार पडलं. मिस्त्री सकाळी उठून दुकान झाडायचा, पक्कड पुसायचा, पुसलेली पक्कड पुन्हा पुसायचा, आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचा. त्याचे वडील, आबा, जुने लोहार. ते खाटेवर बसून म्हणायचे, "लोखंडाला गंज चढतो तसा माणसालाही चढतो रे."

"मग मला काय रंग लावून ठेवू का आबा?" मिस्त्री म्हणायचा. हसायचा, पण ते हसू ओठांच्या पुढे जात नसे. बाईंचा पगार वेळेवर येत होता आणि घर त्यावर चाललं होतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. बाई तर ताट वाढताना जास्तच सांभाळून बोलायच्या. मिस्त्रीनं मात्र दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं होतं.

म्हणून एका संध्याकाळी शेडसमोर टेम्पो उभा राहिला आणि त्यातून अँगल, पाइप, गज खणखण उतरायला लागले, तेव्हा बाईंनी हातातली पिशवी तशीच खाली ठेवली.

"अहो, हे कुणाचं?"

"काम आलंय," मिस्त्री म्हणाला. तो लोखंड मोजत होता, वर पाहिलं नाही. "एका बागवाल्याचं. कुंपण आणि मोठं फाटक."

"या दुष्काळात बाग?"

"झाडं वाळली तरी जागा तर राखायला लागते."

बाईंना ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. कित्येक महिन्यांनी नवऱ्याच्या कपाळावर घाम दिसत होता. त्या दिवशी त्यांनी चहात साखर जरा सढळ टाकली.

काम मोठं होतं आणि हात एकाच माणसाचे. पूर्वी मदतीला असायचा तो गडी काम नाही म्हणून केव्हाच शहराकडे गेला होता. शाळेतून आल्यावर बाई चेहरा धुवून सरळ शेडमध्ये यायच्या. मिस्त्री गुण्या लावून काटकोन बघायचा आणि म्हणायचा, "हं, धर. हलू नको." बाई अँगल दाबून धरायच्या, मान फिरवायच्या, डोळे मिटायच्या. चर्रकन आवाज व्हायचा, मिटल्या पापण्यांआडून निळा उजेड दिसायचा. टाका बसला की तो म्हणायचा, "सोड." पुन्हा दुसरा. "धर." "सोड." लोखंड तापून हातमोज्यातून चटका बसायचा. एकदा वेल्डिंगची ठिणगी मनगटावर पडली आणि बाईंचा हात हलला. गज किंचित वाकडा बसला.

"तोडून पुन्हा जोडू का?" बाईंनी विचारलं.

"राहू दे. कोण बघतंय."

फाटकाची चौकट उभी राहिली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "वर भाल्यांची टोकं लावायला सांगितलीत. लावू?"

"नको हो," बाई म्हणाल्या. "कुणाची तरी पोरं चढणारच. पोटात घुसलं एखाद्याच्या तर? गोल कड्या लावा. दिसतातही बऱ्या."

मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, कड्या." आणि आबांच्या ऐरणीवर गज वाकवायला बसला. बाईंनी चिमट्यात धरून एकेक कडी त्याला दिली. दोघांनी मिळून असं काम लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच केलं होतं. त्या रात्री जेवताना मिस्त्रीनं भांड्यात उरलेलं सगळं ताटात घेतलं, आणि बाईंना वाटलं, चला, निभावलं.

याच दिवसांत हेडसरही बदलल्यासारखे झाले. एरवी स्पर्धेला पोरी न्यायच्या म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बस कशाला, मुक्काम कशाला, सोबत दुसरी बाई कोण. यंदा बाई बोलायच्या आतच म्हणाले, "शहरातली स्पर्धा ना? जाऊन या. बस शाळा देईल. उगाच धावपळ नको, स्पर्धा संपली तरी एक दिवस थांबा, पोरींना शहर दाखवा."

बाईंना हसू आवरेना. "सर, तब्येत बरी आहे ना?"

"मुली शाळेचं नाव काढतायत बाई. आम्हालाही कळतं थोडंफार."

घरी मिस्त्रीनं लेकीचे बूट घेतले आणि झिजलेल्या तळव्यांना स्वतःच्या हातानं टायरचा पातळ तुकडा चिकटवून दिला. निघायच्या सकाळी बाईंची बॅग त्यानंच बसपर्यंत आणली. पोरी खिडक्यांतून ओरडत होत्या. ठिणगी तेवढी मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"काय गं, पोट दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"भीती वाटते?"

"थोडी."

"वाटायलाच हवी," बाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावर टपली मारून पुढे जाऊन बसल्या.

शहरातलं मैदान बघून पोरींचे चेहरे उतरले. लालभडक धावपट्टी, पांढऱ्या आखीव रेषा, दुसऱ्या शाळांच्या मुलींचे एकसारखे चकचकीत कपडे. लांबटांगी म्हणाली, "बाई, इथे तर दगडच नाही एक." बाई म्हणाल्या, "मग ठेच लागेल ही भीती पण नाही. पळा."

रिले सुरू झाली. लांबटांगीनं सुरुवात चांगली केली. शिंपिणीच्या मुलीनं टिकवली. तिसऱ्या टप्प्यात दूधवाल्याच्या मुलीच्या हातातली दांडी निसटता निसटता राहिली आणि दोघीजणी पुढे निघून गेल्या. बाईंनी शिट्टी दातांत इतकी घट्ट धरली की जबडा दुखायला लागला. मग दांडी ठिणगीच्या हातात आली. ती पळाली तसं बाईंनी आधी कधीच पाहिलं नव्हतं. सरावातही नाही. मागून कुणी जनावर लागल्यासारखी, मान खाली घालून, हातांनी वारा कापत. पहिलीला तिनं वळणावर गाठलं, दुसरीला फितीच्या तोंडाशी. आणि फीत छातीला लागल्यावरही ती थांबली नाही. पुढच्या कुंपणाला हात टेकून ओकली.

बाई धावत गेल्या, तिची पाठ चोळली. "बाळ, अगं जिंकलीस!" मैदानात कुणी कुणाची लेक नसते हे त्या विसरल्या. ठिणगी रडत होती. सगळ्याच रडत होत्या, त्यामुळे बाईंना त्यात वेगळं काही दिसलं नाही.

बस परत गावात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. ढाल लांबटांगीच्या मांडीवर होती आणि पोरींचे घसे बसले होते. "बाई, मैदानात एक चक्कर मारूया, ढाल घेऊन," दूधवाल्याची मुलगी म्हणाली, आणि बाईंनी ड्रायव्हरला गाडी शाळेच्या मागच्या बाजूला घ्यायला सांगितली.

आधी दिसली ती तार. मग खांब. मग मुरमावर उभे असलेले ट्रक, एकाला एक लागून, शाळेच्या कमिटीचे चेअरमन, त्यांच्या मेहुण्याच्या खडीच्या खाणीवरचे. लांब उडीच्या खड्ड्यावर एक चाक उभं होतं. दगडांचा बांध एका बाजूनं फोडून वाट केली होती, आणि त्या वाटेवर नवं कोरं फाटक होतं, लाल प्रायमर लावलेलं.

बाई खाली उतरल्या. फाटकाच्या माथ्यावर गोल कड्या होत्या, एका ओळीत. डाव्या झडपेतला एक गज किंचित वाकडा होता. बाईंनी त्या गजावर बोट ठेवलं आणि मग, का कोण जाणे, दुसऱ्या हातानं स्वतःच्या मनगटावरचा डाग झाकला.

आतून शाळेचा शिपाई आला. त्याची खुर्ची आता फाटकाच्या आत होती. "बाई, आत नाही यायचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कळवळा होता, पण त्यानं कडी काढली नाही. "कमिटीनं जागा दिलीय. मला काय, जिथे बसवलं तिथे बसायचं."

बाईंच्या मागे पोरी ढाल घेऊन उभ्या होत्या. लांबटांगीनं ढाल हळूच बसच्या पायरीवर ठेवून दिली.

हेडसर अजून कचेरीत होते. बाईंना बघून ते उभे राहिले, जे ते कधी करत नसत.

"अभिनंदन बाई! फोनवर कळलं. उद्या सकाळी सगळ्या शाळेसमोर सत्कार…"

"मैदान कुठे गेलं सर?"

"अहो, कुठे गेलंय, तिथेच आहे. कमिटीचा निर्णय. शाळेलाही उत्पन्न हवं. व्यायामाचं काय, व्हरांड्यात घ्या. हात वर, हात खाली, त्याला जागा ती किती लागते?"

"म्हणून आम्हाला एक दिवस जास्त थांबवलंत?"

हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग ते जरा चिडूनच म्हणाले, "मला कशाला बोलता? मी समजत होतो तुम्हाला सगळं ठाऊक आहे. फाटक तुमच्याच घरात तयार झालं. मिस्त्री स्वतः म्हणाले, बाईंचं माझ्यावर सोडा, मी समजावतो."

बाईंना खुर्ची दिसत होती, पण त्या बसल्या नाहीत. शंभरदा पोरांना सांगितलेलं, पळून आल्यावर एकदम बसायचं नाही, ते त्यांच्या अंगातच होतं. त्या तशाच फिरल्या आणि चालायला लागल्या.

मिस्त्री शेडमध्ये ग्राइंडर चालवत होता. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडेच बघत राहिली. आबा खाटेवर होते. ठिणगी बॅग घेऊन मागच्या दारानं आत गेली.

"बागेचं फाटक बघून आले," बाई म्हणाल्या.

"सांगणारच होतो."

"कधी?"

"स्पर्धा झाली की. म्हटलं, पोरींचं मन मोडायला नको."

"पोरींचं नाव काढू नका तोंडातून."

मिस्त्रीनं हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं. चेअरमननं सांगितलं, मैदान जायचं ते जाणारच. मग काम बाहेर का जाऊ द्यायचं? इतके महिने रिकामा बसलो होतो मी. तुला कळतं का रिकामं बसणं?"

"कळतं. मी काही बोलले होते का?"

"बोलली नाहीस. तेच तर."

बाईंना वाटलं होतं तो ओरडेल किंवा पाय धरेल. त्याच्या चेहऱ्यावर दोन्हीतलं काही नव्हतं. तो थकलेला होता, बस्स.

"दुसऱ्यानं केलं असतं तर मी चेअरमनच्या दारात जाऊन बसले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत, तेही एक वेळ गिळलं असतं. पण मला का धरायला लावलंत हो? रोज संध्याकाळी? माहीत असून?"

मिस्त्रीनं खरोखर विचार केला. काहीतरी बरं उत्तर त्याला शोधायचं होतं, हे दिसत होतं. मग तो खरं तेच बोलला.

"दुसरं होतं कोण?"

बाई आबांकडे वळल्या. "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

आबांनी कानाशी हात नेला. आबांना कमी ऐकू यायचं हे खरं, पण नेमकं काय ऐकू यायचं नाही हे त्यांचं ते ठरवत. "लोखंड चांगलं लावलंय त्यानं," ते म्हणाले. "टिकेल."

बाईंनी त्या रात्री स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. मिस्त्रीनं "बस" म्हटलं तरी त्यांचा हात थांबला नाही. ताट भरून वाहिलं तेव्हा थांबला. त्या जेवल्या नाहीत, आणि कुणी जेव म्हटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. चेअरमन आले, ढाल हातात घेऊन फोटो काढला. बाई शेवटच्या रांगेत उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी चेअरमनना गाठलं.

"साहेब, अर्धी तरी जागा सोडा. पुढची स्पर्धा मोठी आहे. पोरी कुठे पळणार?"

चेअरमन गोड माणूस. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. "बाई, तुमच्याशी भांडण कसं करू मी? तुमच्या मिस्त्रींनी काय काम केलंय! मी भाले सांगितले होते, त्यांनी कड्या लावल्या. म्हणाले, घरच्यांनी सुचवलं. खरंच, फार शोभा आली."

बाईंनी पाण्याचा पेला तसाच ठेवला.

मग त्या दारं फिरल्या. पूर्वी मुलींसाठी फिरल्या होत्या तशाच. सगळ्या पालकांनी मिळून कमिटीकडे जावं, एवढंच त्यांचं मागणं. शिंपिणीनं मशीन न थांबवता ऐकलं. दूधवाला म्हणाला, "बाई, तुमच्या घरानं फाटक केलं, आणि बंद केलं म्हणून बोंब आम्ही मारायची? बघा बुवा, आम्हाला काही हे गणित सुटत नाही." तो वाईट बोलला नाही, अगदी अदबीनं बोलला. लांबटांगीच्या बापाला चेअरमनच्या मेहुण्यानं ट्रकवर क्लीनर म्हणून घेतलं होतं. तो दारातच आला नाही. आतून बाईंना त्याचं खोकणं ऐकू येत राहिलं.

एकाही घरी चहा आला नाही.

शाळेत व्हरांड्यातला तास सुरू झाला. पोरांचे हात एकमेकांना लागत, कुणाचं कोपर कुणाच्या डोळ्यात जाई. शिट्टी वाजली की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बाहेर येऊन ओठांवर बोट ठेवत. दोन दिवसांनी बाईंनी शिट्टी वाजवणं बंद केलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग त्यालाही हरकत आली.

घरात काम वाढलं होतं. फाटक बघून मिस्त्रीकडे आणखी कामं आली, ट्रकांचीही दुरुस्ती येऊ लागली. शेडमधून पहाटेपासून आवाज यायचा. बाई शाळेतून आल्या की चेहरा धुवून सरळ आत जायच्या. मिस्त्रीनं एक गडी ठेवला. ते कळलं तेव्हा बाई चुलीपुढे बसून कितीतरी वेळ हसल्या, आवाज न करता. गडी मिळत होता तर.

मोठी स्पर्धा जवळ येत होती. बाईंनी ठरवलं, ओढ्यात पळायचं. ओढा कोरडा पडला होता, पुलापासून वळणापर्यंत नुसती वाळू. वाळूत पाय रुततात, पण त्यानं पोटऱ्या घट्ट होतात. त्यांनी पोरींना गाठून सांगितलं. घरी कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाल्या. संध्याकाळी त्या लेकीजवळ बसल्या. ती अंगणात बुटांच्या नाड्या ओवत होती.

"उद्या उजाडता ओढ्यात. उठशील ना?"

"हं."

"तुला सांगते बाळ, या घरात माझं म्हणावं असं तू एकटी उरलीस. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून माझ्या डोळ्यांवर…" त्यांनी लेकीचा हात धरला. "तू पळतेस तेव्हाच मला बरं वाटतं बघ."

ठिणगीनं हात सोडवून घेतला. नाडी भोकातून निसटली, तिनं पुन्हा ओवली, पुन्हा निसटली.

"मला पण ठाऊक होतं," ती म्हणाली.

बाईंना ऐकू आलं, पण अर्थ लागायला वेळ लागला. "काय?"

"तू खरेदीला गेली होतीस ना, त्या रविवारी. बाबा मैदानाचं माप घ्यायला गेले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं." तिनं मान वर केली नाही. "मी धरलं."

"बाबांनी सांगितलं, आईला बोलू नको?"

"नाही. ते म्हणाले, तुला सांगायचं तर सांग." तिचा श्वास आता पळून आल्यासारखा लागला होता. "मीच नाही सांगितलं. तुला कळलं असतं तर तू आम्हाला नेलंच नसतंस. तू मैदानात आडवी पडली असतीस. मला पळायचं होतं आई. एकदा तरी चांगल्या मैदानावर पळायचं होतं."

ती म्हणत होती ते शब्द न् शब्द खरं होतं. त्या आडव्याच पडल्या असत्या, आणि रिले गेली नसती. ती फीत, ते कुंपण, पाठ चोळताना हाताला लागलेले तिचे हुंदके, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि आता वेगळंच दिसलं. त्या उठल्या, दोरीवरचे कपडे काढले, त्यांच्या घड्या घातल्या. लेकीच्या कपड्यांच्याही घातल्या आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवल्या.

उजाडता बाई एकट्याच निघाल्या. ओढ्यात वाळू रात्रभर गार झाली होती. त्यांनी काठीनं रेषा मारली. थोड्या वेळानं पुलाखालून लांबटांगी आली, बापाला न सांगता. मग शिंपिणीची मुलगी. दूधवाल्याची मुलगी घरोघर दूध टाकून सायकल हाकत आली, कॅन तसेच हँडलला लटकलेले. तिघी रेषेवर उभ्या राहिल्या आणि काठाकडे बघू लागल्या.

ठिणगी वर काठावर उभी होती. कधीची आली होती कोण जाणे. खाली उतरत नव्हती, परतही जात नव्हती.

शेवटच्या टप्प्यासाठी दुसरी मुलगी नव्हती. असती तरी तिच्याएवढी पळाली नसती, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पुन्हा काढली.

"ए, शेवटची!" त्या वर बघून म्हणाल्या. "रांगेत ये."

ती घसरत खाली आली, रेषेवर जाऊन उभी राहिली. बाईंनी एका टोकाकडून सुरुवात केली. लांबटांगीची पाठ हातानं दाबून वाकवली, शिंपिणीच्या मुलीचा खांदा सैल केला, दूधवाल्याच्या मुलीचं पाऊल स्वतःच्या हातांनी उचलून रेषेमागे ठेवलं. मग त्या लेकीपाशी आल्या. हात उचलला गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"टाच उचल," त्या म्हणाल्या. "नजर पुढे."